यकृताच्या शस्त्रक्रियेसाठी आयसोफ्लुरेनचं टेबलावरचं भूलयंत्र: घ्यावं का, आणि काय बघून घ्यावं

मी पशुवैद्य आहे. परळला शिकले आणि आता एका वैद्यकीय महाविद्यालयाचं प्राणीघर सांभाळते. आमच्याकडे सगळ्यात जास्त चालणारं काम म्हणजे पांढऱ्या उंदरांचं (रॅटचं) यकृत अर्ध्याहून अधिक काढायचं आणि उरलेलं कसं वाढतं ते पाहायचं. त्या कामासाठी आम्ही टेबलावर मावणारं, आयसोफ्लुरेन नावाचा भुलीचा वायू देणारं यंत्र घेतलं. ते घ्यावं का, असं पीएचडी करणारी आणि प्रबंधासाठी येणारी मुलं सारखी विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

निकाल आधी सांगते. यकृतावर काम करणार असाल तर घ्याच. पण यंत्रासोबत उष्णतेची सोय आणि वाया जाणाऱ्या वायूची सोय ह्या दोन गोष्टींचे पैसे त्याच मागणीपत्रात धरा. त्या नसतील तर यंत्राचा अर्धा फायदा हातचा जातो.

कंपनीचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत. शिवाय आपल्या देशात जोडली जाणारी ही यंत्रं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की नावापेक्षा कुठला भाग कसा तपासायचा हे कळलेलं जास्त उपयोगी पडेल.

ही शस्त्रक्रिया ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. १९३१ साली अमेरिकेत हिगिन्स आणि अँडरसन यांनी ती नीट लिहून ठेवली आणि आजही जगभर ती जवळपास तशीच केली जाते. उंदराच्या यकृताचे लोब, म्हणजे पाकळ्यांसारखे भाग, एकमेकांपासून इतके सुटे असतात की देठाशी रेशमी दोरा आवळून एकेक लोब वेगळा काढता येतो. मधला आणि डावीकडचा असे दोन लोब काढले की यकृताचा सुमारे दोन-तृतीयांश भाग गेलेला असतो. उरलेल्या पेशी काही तासांत विभाजनाच्या तयारीला लागतात. साधारण २४ तासांच्या सुमारास त्यांची डीएनए तयार करण्याची गती सर्वात जास्त असते आणि आठवडा-दहा दिवसांत यकृताचं वजन जवळजवळ पहिल्याइतकं होतं. कापलेले लोब पुन्हा उगवत नाहीत. मागे राहिलेले उजवे आणि मागचे लोबच वाढून सगळं काम अंगावर घेतात. कितीही वेळा पाहिलं तरी सातव्या दिवशी पोट उघडल्यावर ते भरलेलं, तांबूस यकृत बघून मी क्षणभर थांबते.

सगळं कौशल्य दोरा कुठे बांधायचा ह्यात आहे. व्हेना कॅव्हाच्या, म्हणजे हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेच्या, फार जवळ बांधला तर उरलेल्या लोबमधून रक्त बाहेर पडायची वाट चिंचोळी होते आणि यकृत तुंबतं. फार लांब बांधला तर मेलेल्या ऊतींचा खुंट पोटात राहतो. मधली जागा काही मिलिमीटरचीच असते. यकृत श्वासपटलाला लागूनच असल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर ते वरखाली सरकतं. श्वास एकसारखा असेल तर हात त्या लयीत बसतो. भूल कधी गाढ, कधी उथळ होत राहिली तर नेमक्या गाठीच्या क्षणी लोब हलतो आणि दोरा देठ चिरतो. भूल चांगली हवी ह्याचं हे पहिलं, डोळ्यांना दिसणारं कारण.

दुसरं कारण दिसत नाही, पण माझ्या मते तेच मोठं आहे.

पूर्वी इथर होतं. बरणीत कापसाचा बोळा ठेवायचा, प्राणी पडला की बाहेर काढायचा. इथर पेट घेतं, श्वासमार्गाला झोंबतं, आणि फ्रिजमध्ये ठेवलेल्या मृत प्राण्यांच्या अंगातून निघणाऱ्या वाफेनेही स्फोट झालेले आहेत. ते गेलं हे फार बरं झालं. मग केटामाइन आणि झायलाझिनचं इंजेक्शन आलं. स्वस्त, यंत्राची गरज नाही, पोटात टोचलं की काम झालं. आपल्याकडच्या कितीतरी प्राणीघरांत आजही तेच चालतं. कातडीवरच्या जखमेवर किंवा हाडावर काम असेल तर माझं काही म्हणणं नाही. यकृताच्या बाबतीत आहे.

केटामाइनचा निचरा करण्याचं काम यकृतातल्याच एन्झाइमांचं. औषध टोचतो तेव्हा यकृत पूर्ण असतं आणि थोड्याच वेळात त्याचा एक-तृतीयांश भाग उरतो. मग जाग यायला वेळ लागतो, आणि प्रत्येक प्राण्याला वेगवेगळा लागतो. तोवर तो गारठतो, पाणी पीत नाही, खात नाही. झायलाझिनची अडचण आणखी वेगळी. ते इन्सुलिनचं स्रवणं दाबतं आणि रक्तातली साखर चढवतं. पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतून, येणारं इन्सुलिन यकृताच्या पेशींच्या पोषणाला आणि वाढीला लागतं, हे १९७०च्या दशकात थॉमस स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं. म्हणजे आपण वाढ मोजायला बसतो आणि मोजणी सुरू होण्याआधीच वाढीच्या एका मुख्य घटकाला धक्का लावतो.

ह्या क्षेत्रातले मोठे शोध रक्तातल्या अगदी बारीक फरकांतून निघालेले आहेत, हे इथे आठवावं. १९६७ साली मोल्टेन आणि नॅन्सी बुखर यांनी दोन उंदरांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडलं. एकाचं यकृत कापलं तर दुसऱ्याच्या न कापलेल्या यकृतातही पेशी डीएनए बनवू लागल्या. इशारा रक्तातून जातो हे त्यामुळे कळलं. पुढे १९८४ मध्ये जपानमध्ये नाकामुरा यांनी यकृत कापलेल्या उंदरांच्याच रक्तद्रवातून यकृतपेशी वाढवणारा घटक वेगळा करायला सुरुवात केली. आज आपण ज्याला एचजीएफ म्हणतो तो हाच. इतकं सूक्ष्म काही रक्तात शोधायचं असेल, तर तासन्‌तास रेंगाळणारं भुलीचं औषध त्याच रक्तात फिरत नसलेलं बरं.

आयसोफ्लुरेन इथे कामाला येतं. हॅलोथेन ह्या भुलीच्या जुन्या वायूचा जवळपास पाचवा हिस्सा शरीरात, मुख्यतः यकृतात, मोडतो आणि त्याने माणसांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आयसोफ्लुरेनचा मोडणारा भाग सुमारे ०.२ टक्के. बाकीचं आलं तसं श्वासावाटे परत जातं. यकृताकडे जाणारा रक्तप्रवाहही ते हॅलोथेनपेक्षा बराच चांगला राखतं. म्हणजे प्राण्याचं जागं होणं फुप्फुसांवर अवलंबून राहतं, यकृताचं किती शिल्लक आहे त्यावर नाही. खरेदी समितीपुढे मी एवढा एकच मुद्दा मांडला होता आणि तो पुरला.

आता यंत्र. एका स्टँडवर द्रव आयसोफ्लुरेनची वाफ ठरावीक टक्क्यांत सोडणारा वेपोरायझर, ऑक्सिजनचा फ्लोमीटर, वायू पेटीकडे किंवा कोनाकडे वळवणारा खटका, पारदर्शक पेटी, नाकावर बसणारे दोन मापांचे नोज कोन आणि कोळशाची डबी. आम्हाला हे सगळं अडीच लाखांच्या आत पडलं. बाहेरून येणाऱ्या यंत्रांची कोटेशनं त्याच्या तिपटीच्या आसपास होती.

वेपोरायझर हा ह्या यंत्राचा प्राण, आणि तो उत्तम निघाला. खोलीचं तापमान बदललं तरी डायलवरची टक्केवारी टिकून राहते. ऐन मे महिन्यात एसी बंद पडला त्या दिवशीही १.८ वर ठेवलेला उंदीर १.८ वर जसा असायला हवा तसाच होता. श्वास संथ, पंजा चिमटला तर प्रतिसाद नाही, कातडीचा रंग गुलाबी. भरायची चावी फक्त आयसोफ्लुरेनच्या बाटलीलाच बसते. जांभळी खूण आयसोफ्लुरेनची, पिवळी सेव्होफ्लुरेन ह्या तशाच दुसऱ्या औषधाची. दोन्ही औषधं असलेल्या खोलीत ही चावीची सोय फार मोलाची आहे. फनेलने ओतायचा वेपोरायझर थोडा स्वस्त मिळतो, तो घेऊ नका.

पेटीबद्दल मी तेवढी खूश नाही. आमच्या पेटीचं झाकण बाजूने सरकतं. आयसोफ्लुरेन हवेपेक्षा जड असतं, पेटीच्या तळाशी साचतं, आणि बाजू उघडली की टेबलावरून थेट आपल्या नाकाशी येतं. झाकण वरून उघडणारी पेटी मागा, आणि खटका असा हवा की झाकण उघडण्याआधी पेटीतला वायू ऑक्सिजनने धुऊन काढता येईल. आणखी एक, हे यंत्राबद्दल नाही पण सांगायलाच हवं: उंदरांना आयसोफ्लुरेनचा उग्र वास आवडत नाही. पेटीत एकदम ५ टक्के सोडलं तर ते मागे सरकतात, कोपऱ्यात तोंड खुपसतात. आधी नुसता ऑक्सिजन, मग डायल थोडा थोडा वर, असं केलं की ते शांतपणे आडवे होतात. जास्तीचं एखादं मिनिट जातं. ते द्यावं.

नोज कोन मात्र कमी पडले. सोबत आलेला मोठा कोन अडीचशे ग्रॅमच्या उंदराला सैल होतो आणि मिशांभोवती फट राहते. यकृताच्या शस्त्रक्रियेत प्राणी उताणा असतो आणि यकृत वर यावं म्हणून पाठीखाली आपण सिरिंजची नळी सारतो, त्यामुळे मान मागे कलते आणि कोन निसटतो. आमच्या प्राणीघरातले मामा, ज्यांनी माझ्याहून कितीतरी जास्त वर्षं हे काम केलं आहे, त्यांनी हातमोज्याचा तुकडा कोनाच्या तोंडावर ताणून बसवला आणि मधोमध नाकापुरतं भोक पाडलं. तेव्हापासून गळती थांबली. कंपन्यांनी हा रबरी पडदा मुळातच द्यायला हवा, काही देतातही. मागणी देताना विचारा.

सगळ्यात मोठी उणीव उष्णतेची. यंत्रासोबत तिची काहीच सोय येत नाही. उंदीर लहान, कातडी मोठी, पोट उघडं, त्यात नाकातून कोरडा गार ऑक्सिजन. तापमान काही मिनिटांत घसरतं. विजेचं साधं शेकण्याचं पॅड वापरू नका, त्यावर भुलीतला प्राणी भाजतो आणि त्याला सरकता येत नाही. गुदद्वारात बारीक प्रोब ठेवून ३७ अंशांवर स्वतःच चालू-बंद होणारं पॅड घ्या, आणि पोटात सोडायचं सलाइनही कोमट करा. पॅड आल्यानंतर आमच्याकडचे प्राणी डायल शून्यावर आणल्यापासून काही मिनिटांत उलटून पायांवर उभे राहू लागले आणि पिंजऱ्यात परत गेल्यावर लगेच पाण्याच्या बाटलीकडे वळू लागले. पॅड येण्याआधी, तेच यंत्र असून, असं होत नव्हतं.

वायूच्या बाबतीत मी जरा कडक आहे. कोळशाची डबी आयसोफ्लुरेन शोषते, पण तिची एक मर्यादा असते. आमच्या डबीवर वजन ५० ग्रॅमने वाढलं की टाकून द्या असं लिहिलेलं आहे. म्हणजे पहिल्या दिवशी वजन करून डबीवर मार्करने लिहायचं आणि कामाच्या प्रत्येक दिवशी काट्यावर ठेवायची. बहुतेक ठिकाणी ती नुसती वर्षानुवर्षं लटकलेली असते. डबीच्या तळाची भोकं टेबलाला टेकून बुजणार नाहीत एवढंही बघा, नाहीतर दाब उलटा फिरतो. अमेरिकेतल्या एनआयओएसएच ह्या संस्थेने अशा वायूंसाठी सुचवलेली मर्यादा २ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दोन भाग, इतकी कमी आहे, आणि आपल्या नाकाला वास येतो तेव्हा ती बहुधा केव्हाच ओलांडलेली असते. खोलीत कुणी गरोदर बाई काम करत असेल तर कोळशावर विसंबू नका. वायू ओढून थेट इमारतीबाहेर सोडणारी नळी बसवा, आणि ती होईपर्यंत तिला दुसरं काम द्या.

ऑक्सिजनसाठी आम्हाला जवळच तोडगा मिळाला. २०२१ मधल्या करोनाच्या दुसऱ्या लाटेत दान म्हणून आलेले, हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करून देणारे कॉन्सन्ट्रेटर नंतर रुग्णालयात पडून होते. पाच लिटरचा एक आम्ही रीतसर कागद करून मागून घेतला. उंदराला मिनिटाला अर्धा ते एक लिटर पुरतो, त्यामुळे त्यावर जोर पडत नाही. सिलिंडर चढवण्या-उतरवण्याचा त्रास गेला. वीज गेली की मात्र तो थांबतो, आणि पोट उघडं असताना तो क्षण नको. एक छोटा सिलिंडर जोडून तयार ठेवलेला असतो.

विक्रीनंतरच्या सेवेला मी दहापैकी चार गुण देईन. बसवायला आलेला तरुण कामात चोख होता. गळतीची चाचणी त्याने आमच्यासमोर करून दाखवली आणि मामांकडून करून घेतली. पण वेपोरायझरचं कॅलिब्रेशन करायचं (डायलवरचे टक्के खरे आहेत ना ते तपासून जुळवायचे) म्हणजे तो काढून कंपनीकडे पाठवावा लागतो आणि बदली वेपोरायझर मिळत नाही. आमचं काम कित्येक आठवडे अडलं, आणि मंजूर वयोगटातले प्राणी तोवर वयाने मोठे होऊन गेले. ते प्राणी असे वाया जाणं मला फार लागलं. खरेदीच्या करारातच एक ओळ घाला: कॅलिब्रेशनच्या काळात पर्यायी वेपोरायझर कंपनी देईल. नंतर फोनवर हे मिळत नाही.

कामात फरक काय पडला? मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो असा, की आता एका गटातले प्राणी एकमेकांसारखे वागतात. प्रबंधाला येणारी सर्जरीची मुलं काढलेल्या लोबांच्या वजनावरून मूळ यकृताचं वजन काढतात आणि शेवटच्या दिवशीच्या वजनाशी ताडून पाहतात. हे आकडे आधी खूप विखुरलेले यायचे, आता जवळजवळ येतात. त्यामुळे पुढच्या प्रकल्पात कमी प्राणी मागता येतात. ह्याचं मोल मी पैशात करू शकत नाही. दुसरं म्हणजे वेळ. एकापाठोपाठ एक प्राणी टेबलावर येतो, त्यामुळे सगळ्या शस्त्रक्रिया सकाळीच उरकतात. यकृतपेशींच्या विभाजनाची वेळ शरीरातल्या दिवस-रात्रीच्या घड्याळाशी बांधलेली असते, हे २००३ मध्ये जपानी संशोधकांनी माऊसवर, म्हणजे रॅटहून बऱ्याच लहान उंदरावर, दाखवलं आहे. निम्मे प्राणी सकाळी आणि निम्मे संध्याकाळी केले तर तो एक वेगळाच प्रयोग होऊन बसतो.

ही सगळी काळजी कुणासाठी, हेही बोलायला हवं. भारतात जिवंत दात्याकडून यकृताचं प्रत्यारोपण १९९८ पासून यशस्वीपणे होतं आहे. मोठ्या माणसासाठी बहुतेक वेळा दात्याचा उजवा भाग घेतात, तो अर्ध्याहून मोठा असतो, आणि दात्याकडे निदान ३० ते ३५ टक्के यकृत राहिलंच पाहिजे असं धरून चालतात. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश पोर्टल शिरेतून येतं. यकृत कमी झालं तरी हे रक्त कमी होत नाही, सगळं उरलेल्या छोट्या भागावर येऊन आदळतं. किती दाबापर्यंत पेशी वाढतात आणि कुठून पुढे त्या मोडतात, हे समजून घ्यायला आमच्याकडे ७० टक्क्यांच्या पुढची कापणी करून पाहतात. आज माझ्या टेबलावर दोरा बांधायला शिकणारा मुलगा उद्या कुणाच्या तरी बहिणीचं यकृत कापणाऱ्या चमूत उभा असेल. त्याने इथे मिळवलेला आकडा खरा असला पाहिजे.

यंत्र घेणाऱ्यांना तीन इशारे. पहिला, रक्तपुरवठा रोखून आणि परत सोडून होणाऱ्या इजेवर काम करत असाल तर सावध राहा. ह्या गटातले भुलीचे वायू यकृताला त्या इजेपासून काही प्रमाणात वाचवतात. झुरिकमध्ये २००८ साली यकृत कापलेल्या रुग्णांवर सेव्होफ्लुरेनचा असा परिणाम दाखवला गेला. म्हणून नुसतं पोट उघडून बंद केलेल्या गटालाही तितकाच वेळ, तितकेच टक्के द्या आणि वहीत लिहा. दुसरा, आयसोफ्लुरेन उतरलं की वेदना तशीच उभी राहते. ते वेदनाशामक नाही. चीर देण्याआधीच ब्युप्रेनॉर्फिन द्या, परवान्याची कागदपत्रं कितीही कंटाळवाणी असली तरी. पॅरासिटॅमॉल इथे अजिबात नको, त्याच्याच जादा मात्रेने तर यकृताच्या इजेचे प्रयोग केले जातात. तिसरा, इंजेक्शनवरून वायूवर जाणं हा मंजूर पद्धतीतला बदल आहे. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीकडून तो आधी मंजूर करून घ्या, यंत्र येऊन पडल्यावर नाही.

माऊसवर काम करणाऱ्यांनी हे यंत्र जसंच्या तसं घेऊ नये. कमी प्रवाह नीट दाखवणारा फ्लोमीटर आणि लहान कोन वेगळे मागवावे लागतील. माऊसला पित्ताशय असतं, ते मधल्या लोबला चिकटलेलं असतं आणि त्याच्यासोबत काढावं लागतं. रॅटला पित्ताशयच नसतं. त्यामुळे माऊसमध्ये वेळ जास्त जातो आणि २० ते २५ ग्रॅमचा जीव तेवढ्या वेळात रॅटपेक्षाही झपाट्याने गारठतो. तिथे पैसे कमी असतील तर आधी पॅड घ्या आणि दुसऱ्या विभागाचं यंत्र काही दिवस मागून वापरा. आमचं मंगळवारी आणि शुक्रवारी मोकळं असतं.